हागालाझ सारखा सारखा येतोय, घाबरायचं का आणि वाचायचा कसा?

ताई, तुमचा प्रश्न मोठा होता म्हणून आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या २५ दगडांच्या सेटमधून रोज सकाळी एक रून, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतलं एक अक्षर, शकुन बघायला काढता, आणि गेल्या महिन्याभरात हागालाझ, म्हणजे गारपिटीचा रून, तीनदा आला. मग "नोकरी सोडून बेकरी टाकू का" असं विचारून तुम्ही तीन रून काढले, ते फेहू, हागालाझ, राइदो असे आले. पटलं नाही म्हणून त्याच रात्री अजून दोनदा काढले आणि त्यातही एकदा हागालाझ होताच. डिपॉझिटचे अर्धे पैसे जर्मनीतल्या भावाकडून येणार आहेत. आता एकजण म्हणतो हा सगळ्यात अशुभ रून आहे, दुकानाचं डिपॉझिट भरू नका, दुसरा म्हणतो उलटा आला असेल तर चांगलं आहे, आणि तिसऱ्याने याचंच लॉकेट करून तुम्ही आणि भावाने गळ्यात घाला असं सांगितलंय.

मी बरीच वर्षं रून वाचते आणि मला स्वतःला हागालाझ फार जवळचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घाई असेल तर एवढंच घ्या की हागालाझ "करू नको" असं म्हणत नाही. तो सांगतो की या गोष्टीत एक भाग असा आहे जो तुमच्या हातात नाही, तो बाहेरून येणार आणि अचानक येणार, तेव्हा काय काय झाकून ठेवायचं ते आत्ताच बघून घ्या.

आधी तो उलट्याचा विषय संपवू. तुमच्या सेटमधला हागालाझ म्हणजे दोन उभ्या रेघा आणि मधे एक तिरकी रेघ, जवळपास इंग्रजी एच सारखा दिसतो. तो दगड हातात घ्या आणि वरचं खाली करून बघा, अगदी तसाच दिसतो. म्हणजे उलटा हागालाझ असा प्रकारच नाही, त्याचा वेगळा अर्थ कुठून आणणार? गेबो, ईसा, येरा, सोविलो, दगाझ हे पण असेच, फिरवले तरी बदलत नाहीत. फक्त एक बघून घ्या, नवीन माणसांचा हागालाझ आणि नाउथिझ यांच्यात खूप गोंधळ होतो कारण दोन्हीत उभी रेघ आणि तिरकी रेघ आहे, नाउथिझला उभी रेघ एकच असते आणि तिरकी रेघ तिला कापून जाते. त्या तीन सकाळींपैकी एखादा नाउथिझ नव्हता ना हे आठवून बघा, कारण दोघांचं सांगणं वेगळं आहे. सगळे रून असे उभ्या आणि तिरक्या रेघांचेच का, तर हे लाकडावर चाकूने कोरायचे, लाकडाच्या रेषांना धरून आडवी रेघ मारली तर ती नीट दिसत नाही आणि लाकूडही फाटतं, हे स्पष्टीकरण साधारणपणे दिलं जातं आणि मला पटतं, कारण मी स्वतः लाकडाचे तुकडे कोरून सेट केलाय आणि हाताला ते लगेच कळतं.

आता "तीनदा आला" याबद्दल. ताई, याचं साधं गणित करून बघा, घाबरण्याआधी. २४ रूनांच्या सेटमधून रोज एक काढला तर कुठलाही एक रून सरासरी २४ दिवसांत एकदा येणारच. ३० दिवसांत एखादा ठरावीक रून तीन किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता साधारण आठात एक आहे, तुमच्या सेटमधला खूण नसलेला कोरा दगड धरून २५ झाले तरी फार फरक पडत नाही. म्हणजे आठ जणींनी महिनाभर रोज रून काढला तर त्यातल्या एकीला हागालाझ तीनदा दिसेल. आणि तीन रूनांच्या मांडणीत तो असण्याची शक्यतासुद्धा बरोब्बर आठात एक. मी हे सांगते याचा अर्थ तुमचं वाचन खोटं आहे असा अजिबात नाही, माझा रूनांवर मनापासून विश्वास आहे, पण वारंवार येणं हा काही वेगळा निरोप नसतो. जो निरोप आहे तो एकदा आला तेव्हाच पूर्ण आलेला असतो, तो नीट ऐकायचा. तीनदा आला म्हणून तिप्पट वाईट असं नसतं.

आणि एकाच रात्री एकच प्रश्न तीन वेळा विचारू नका, हे मी फार कळकळीने सांगते. हा काही माझा नियम नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मानिक लोकांबद्दल, म्हणजे आजच्या जर्मनीकडच्या जुन्या टोळ्यांबद्दल, लिहिलंय, त्याच्या दहाव्या प्रकरणात चिठ्ठ्या टाकायची पद्धत दिली आहे. फळं धरणाऱ्या झाडाची फांदी तोडायची, तिचे छोटे तुकडे करायचे, त्यावर खुणा करायच्या, पांढऱ्या कापडावर ते जसे पडतील तसे टाकायचे. गावाचा प्रश्न असेल तर पुरोहित आणि घरचा प्रश्न असेल तर घरातला कर्ता पुरुष देवांची प्रार्थना करतो, आकाशाकडे बघतो आणि एकेक करून तीन तुकडे उचलतो. पुढे तो लिहितो की उत्तर नाही असं आलं तर त्या दिवशी त्या गोष्टीबद्दल परत विचारायचं नाही. आणि हो आलं तरी तेवढ्यावर थांबायचे नाहीत, पक्ष्यांच्या वगैरे शकुनांनी खात्री करून घ्यायचे. बघा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनाही माहीत होतं की मनासारखं येईपर्यंत हात घालत राहिलो तर त्या उत्तराला अर्थ राहत नाही. त्या खुणा म्हणजे रूनच होते का यावर अभ्यासकांचे वाद आहेत, कारण अगदी जुने सापडलेले रून साधारण त्याच काळाच्या आसपासचे किंवा थोडे नंतरचे आहेत, डेन्मार्कमधल्या विमोसे इथे सापडलेला कंगवा इसवी सन १६० च्या सुमारासचा धरतात. पण पद्धतीचा आत्मा हाच. म्हणून तुमची पहिली मांडणी, फेहू, हागालाझ, राइदो, तीच धरायची. नंतरच्या दोन्ही सोडून द्या.

आता मूळ मुद्दा, हागालाझचा अर्थ. अर्थ म्हणजे गारपीट. २४ रूनांच्या जुन्या क्रमात हा नववा. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९०३ साली एका जुन्या थडग्याची शिळा मिळाली, साधारण इसवी सन ४०० ची, तिच्यावर सगळा क्रम एका ओळीत कोरलेला आहे आणि तिथे हा आपल्या जागेवर आहे. पुढे हे २४ आठ-आठच्या तीन गटांत पाडलेले दिसतात आणि दुसऱ्या गटाचं तोंड हागालाझच उघडतो. पहिल्या गटात संपत्ती, ताकद, प्रवास, भेट, आनंद असं माणसाच्या घरादाराचं जग आहे, आणि तो आनंदाचा रून संपतो न संपतो तोच गारा सुरू. ही रचना मला दर वेळी थांबवते.

पण लक्षात घ्या, "या रूनचा भविष्यात अर्थ हा" असं सांगणारा व्हायकिंगांचा कुठलाही ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. आज पुस्तकात आणि ॲपवर जे अर्थ मिळतात ते बहुतेक विसाव्या शतकातले आहेत. जुनं म्हणून आपल्याकडे काय आहे, तर तीन रून-कविता. इंग्लंडची, नॉर्वेची आणि आइसलंडची. इंग्लंडची मूळ प्रत १७३१ च्या आगीत गेली, नशीब की त्याआधी १७०५ मध्ये ती छापली गेली होती. नॉर्वेची मूळ प्रत १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत गेली, तिच्या नकला सतराव्या शतकात करून ठेवलेल्या होत्या म्हणून वाचली. आइसलंडची सगळ्यात जुनी प्रत १५०० च्या सुमारासची. या कविता भविष्य सांगायला लिहिलेल्या नाहीत, पण त्या मातीतली माणसं त्या अक्षराकडे बघून काय आठवायची ते त्यात आहे, आणि मी माझं सगळं वाचन तिथून सुरू करते. तुम्हीही तसंच करा असा माझा आग्रह राहील.

हागालाझबद्दल तिन्ही कविता काय म्हणतात बघा. नॉर्वेची म्हणते, गार म्हणजे दाण्यांमधला सगळ्यात थंड दाणा, आणि त्याच ओळीला जोडून म्हणते की ख्रिस्ताने फार पूर्वी जग घडवलं. आइसलंडची म्हणते थंड दाणा, बर्फाळ पावसाची सर, आणि सापांचं दुखणं. सापांचं दुखणं म्हणजे थंडी, थंडीत साप गारठून जातात. आणि इंग्लंडची मला सगळ्यात आवडते. ती म्हणते गार म्हणजे दाण्यांमधला सगळ्यात पांढरा दाणा, आकाशातून गरगरत येते, वाऱ्याचे झोत तिला वर-खाली फेकत राहतात, आणि मग तिचं पाणी होतं.

तिन्ही ठिकाणी दाणा आहे, हे बघितलंत? शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेली गार आहे ही. गारा म्हणजे ऐन हिवाळ्यातला बर्फ नव्हे, त्या गडगडाटी ढगांतून पडतात, उष्ण दिवसांत, शेतात जवाचं पीक उभं असताना. ढगात खालून वर जाणारा वारा जोराचा असला की पाण्याचे गारठलेले थेंब परत परत वर फेकले जातात, प्रत्येक फेरीत त्यावर बर्फाचा एकेक थर चढतो आणि वाऱ्याला पेलवेनासं झालं की दाणकन खाली. मोठी गार मधून कापली तर आत थर दिसतात. म्हणजे ते "वाऱ्याचे झोत तिला फेकत राहतात" ही नुसती कविकल्पना नाही, हजार वर्षांपूर्वी कुणीतरी नीट बघून लिहिलंय.

आणि गारपीट म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला मुद्दाम समजवायला लागत नाही. २०१४ च्या फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, नाशिक, सोलापूर सगळीकडे जे झालं ते आठवा, गहू, हरभरा, कांदा, द्राक्षं, डाळिंब, हातातोंडाशी आलेलं सगळं गेलं. ज्याने कर्ज काढून मेहनत केली त्याचं गेलं आणि ज्याने काहीच केलं नाही त्याचंही गेलं, शेजारच्या शिवारात मात्र एक गार नाही. हागालाझचं हेच आहे. तो माणूस बघून येत नाही. म्हणून मी सगळ्यात पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते, हागालाझ म्हणजे शिक्षा नाही. कुणाच्या मांडणीत तो आला की लगेच "तुझं काहीतरी चुकलंय", "पूर्वीचं कर्म आहे", "कुणीतरी केलंय" असं सांगणारे वाचक असतात, त्यांचं ऐकू नका. तिन्ही कवितांमध्ये दोष हा शब्दही नाही. जे बाहेरून पडलं त्याचा दोष ज्याच्यावर पडलं त्याच्या माथी मारणं याच्याइतकं वाईट वाचन नाही, आणि आधीच खचलेल्या माणसाला असं सांगितलं जातं तेव्हा मला खरंच राग येतो.

जुन्या कथांमध्ये गारा मुद्दाम कुणीतरी पाठवल्याची गोष्ट आहे, ती पण सांगते कारण कुणी ना कुणी ती तुमच्यासमोर आणेल. नॉर्वेत दहाव्या शतकाच्या शेवटी ह्योरुंगावागरची समुद्री लढाई झाली, जार्ल, म्हणजे सरदार, हाकोन विरुद्ध योम्सव्हायकिंग नावाची लढवय्यांची टोळी. सागांमध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या कथांमध्ये, असं आहे की हाकोन हरत चालला तेव्हा तो किनाऱ्यावर गेला आणि थोर्गेर्द नावाच्या देवीला स्वतःच्या लहान मुलाचा बळी दिला, मग उत्तरेकडून काळंकुट्ट आभाळ आलं आणि शत्रूच्या तोंडावर गारा सुरू झाल्या, एकेक गार वजनाला एक ऐरिर (तिकडचं जुनं वजनाचं माप), म्हणजे २५-२७ ग्रॅमच्या आसपास. भयंकर गोष्ट आहे. पण ती हाकोनची गोष्ट आहे, रूनची नाही, त्यावरून "हागालाझ आला म्हणजे कुणीतरी करणी केली" असा अर्थ काढणं चूक आहे. माझ्या वाचनात मी ती कधीच वापरत नाही.

आता पुढची गोष्ट, जी मला वाटतं बहुतेक लोक सोडून देतात, ती म्हणजे हागालाझच्या मागून कोण येतं. क्रम असा आहे, हागालाझ, नाउथिझ, ईसा, येरा. गारपीट, गरज, बर्फ, आणि मग पिकाचं चांगलं वर्ष. गारांनी पीक गेलं की घरात चणचण येते, ती नाउथिझ. मग सगळं गोठल्यासारखं होतं, काही हलत नाही, ती ईसा. आणि त्यानंतर वर्ष फिरतं आणि शेत भरतं, तो येरा. पुढे २४ चे १६ रून झाले, कितीतरी गळाले, तरी हा चौघांचा क्रम तसाच राहिला, फक्त पाचवा म्हणून लगेच मागे सूर्य आला. नाउथिझबद्दल इंग्लंडची कविता म्हणते की गरज छातीवर आवळून बसते, पण वेळेत तिचं ऐकलं तर तीच मदतीला येते, औषध होते. "वेळेत ऐकलं तर" ही अट आहे. म्हणून माझ्या मते हागालाझ वाचताना तो एकटा वाचायचाच नाही, त्याच्या मागे ही सगळी रांग उभी आहे हे धरून वाचायचं.

रोज एकच रून काढताना आला तर मी साधारण असं बघते, आज काहीतरी ठरवल्याप्रमाणे होणार नाही, मीटिंग पुढे जाईल, गाडी बंद पडेल, कुणाचा तरी मूड आपल्यावर निघेल, तर ते अंगाला लावून घ्यायचं नाही, थोडा वेळ आडोशाला उभं राहायचं. गारांची सर फार वेळ टिकत नाही, नुकसान मोठं असेल पण सर छोटी. हे मला या रूनबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, हागालाझ लांबलेल्या त्रासाचा रून नाही. लांबलेलं, चिघळलेलं असेल तर तो नाउथिझ किंवा ईसा. कुणी विचारलं "चार वर्षं सासरी त्रास आहे, हागालाझ आला" तर मी म्हणते त्या त्रासाबद्दल हा बोलतच नाहीये, दुसरं काहीतरी अचानकचं आहे ते शोधू.

शेजारी कोण आहे यावर पण खूप असतं. अल्गिझ सोबत असेल तर आडोसा आहे, फक्त तिथे जाऊन उभं राहायला हवं. येरा सोबत असेल तर हंगामाचा प्रश्न आहे, वेळ बदलली तर नुकसान टळेल. सोविलो, म्हणजे सूर्य, असेल तर उघडीप लगेच. ओथाला सोबत आला तर घर, जमीन, वडिलोपार्जित कागदपत्रं बघा. तब्येतीच्या प्रश्नावर आला तर मी वाचतच नाही, डॉक्टरकडे पाठवते, आणि तुम्हीही कुणाचं वाचू नका.

नाशिककडचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे येतात, त्यांना एकदा हागालाझ आला आणि मी अर्थ सांगायला लागले तर त्यांनीच मला सांगितलं की गारा पडून गेल्यावर माणसं मोडलेल्या घडांकडे बघत बसतात आणि तिथेच चुकतात, कारण काडीला आणि मण्यांना ज्या जखमा होतात त्यातून बुरशी शिरते, पहिलं काम म्हणजे शक्य तितक्या लवकर फवारणी, रडायचं ते नंतर. तेव्हापासून हागालाझ भूतकाळाच्या जागेवर आला की मी हाच प्रश्न विचारते, जखम उघडी राहिली आहे का? नोकरी गेली, ठीक, पण पीएफचे कागद अडकलेत का, नातं तुटलं, ठीक, पण जॉइंट अकाउंट चालूच आहे का. आणि पाणी कुठे गेलं हेही बघते. कवितेत गारेचं शेवटी पाणी होतं, ते पाणी जमिनीत मुरतं. जे पडून गेलं त्यातून काहीतरी हाताला लागलेलं असतं, माहिती, ओळख, सुटलेला वेळ, ते नाव घेऊन सांगायला लावते. "सगळं चांगल्यासाठीच होतं" असं मात्र मी म्हणत नाही कुणाला, कारण रूनही तसं म्हणत नाही. तो फक्त म्हणतो, पाणी झालं.

आता तुमची मांडणी. पहिला फेहू, म्हणजे गुरंढोरं, म्हणजे पैसा. नॉर्वे आणि आइसलंड दोन्हीकडच्या कविता इथे सरळ सांगतात की पैसा नातेवाइकांत भांडणं लावतो. इंग्लंडची म्हणते पैसा सगळ्यांना आधार असतो पण तो मोकळ्या हाताने वाटायला हवा. तुम्ही लिहिलंय की अर्धं डिपॉझिट भाऊ देणार. मग तो पैसा उसना आहे, भागीदारी आहे की बहिणीला दिलेली भेट आहे? तुमच्या लिहिण्यात ते कुठेच नाही आणि मला वाटतं तुम्हा दोघांतही ते बोलणं झालेलं नसावं. ते आधी बोलून घ्या, वहिनींसमोर बोला आणि एका कागदावर लिहून ठेवा, मेसेज असला तरी चालेल.

मधे हागालाझ. तीनाच्या मांडणीत मधली जागा मी "सध्या कुठे लक्ष द्यायचं" अशी वाचते. तर आता बसून एक यादी करा, तुमच्या बेकरीत काय काय असं आहे की ज्यावर तुमचा ताबा नाही. जागामालकाने मधेच जागा मागितली तर? लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटमध्ये लॉक-इन पिरियड, म्हणजे मधेच करार मोडता येत नाही असा काळ, आहे का, तो दोघांना सारखाच लागू आहे की फक्त तुम्हाला, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार असं लिहिलंय का, ॲग्रीमेंट रजिस्टर होणार आहे ना. दुकानासमोरचा रस्ता खोदला आणि महिनाभर गिऱ्हाईक फिरकलं नाही तर? ओव्हन चालू असताना लाइट गेली तर ते पीठ फुकट, घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मोठा ओव्हन चालत नाही, मग काय? बटर आणि मैद्याचा भाव चढला तर? यातलं सगळं टाळता येणार नाही, पण कांद्याच्या चाळीवर ताडपत्री असते तशी यातल्या प्रत्येक गोष्टीवर काय घालता येईल ते लिहा. हागालाझचा सल्ला एवढाच असतो, आणि तो फार कामाचा असतो. आभाळ बदलता येत नाही, आडोसा करता येतो.

शेवटी राइदो, प्रवासाचा, स्वारीचा रून. इंग्लंडची कविता इथे फार मार्मिक आहे, ती म्हणते दिवाणखान्यात बसलेल्याला स्वारी मऊ वाटते, आणि जो मैलोन्‌मैल रस्त्यावर दणकट घोड्यावर बसलाय त्याला ती भारी कठीण असते. नॉर्वेची म्हणते स्वारीचा सगळ्यात जास्त त्रास घोड्याला होतो. ताई, घरून शनिवार-रविवारी केकच्या ऑर्डर घेणं आणि रोज पहाटे चारला शटर उघडणं यात हाच फरक आहे, आणि घोडा म्हणजे तुमचं शरीर. मी असं वाचते की रस्ता आहे, जायला बंदी नाही, पण दिवाणखान्यातून उठून आधी थोडं अंतर प्रत्यक्ष चालून बघा. नोकरी चालू ठेवून सुट्टी घ्या आणि एखाद्या चालत्या बेकरीत पहाटेपासून दुकान बंद होईपर्यंत काही दिवस उभ्या राहून बघा. किंवा एखादी वापरात नसलेली कमर्शियल किचनची जागा थोड्या दिवसांसाठी मिळाली तर तिथे करून बघा. या तीन रूनांत "नको" कुठेच नाही. तसं कुणी सांगितलं असेल तर त्यांनी नुसतं हागालाझचं नाव ऐकून सांगितलंय.

तुमच्या सेटमधल्या कोऱ्या दगडाचंही सांगते. तो जुन्या क्रमात नाही, १९८२ साली अमेरिकेत निघालेल्या एका लोकप्रिय पुस्तकासोबतच्या सेटमधून तो सगळीकडे पसरला. ज्यांना वापरायचा त्यांनी वापरावा, मी काढून ठेवते आणि तुम्हीही ठेवा, कारण हागालाझसारख्या रूनला "जे आपल्या हातात नाही" हे आधीच सांगायचं असतं, त्याच कामाला आणखी एक दगड नको.

आता लॉकेट. हागालाझचे दोन आकार बाजारात मिळतात, एक तुमच्या सेटमधला एच सारखा, आणि दुसरा नंतरच्या १६ रूनांमधला, उभी रेघ आणि तिच्यावर फुली, बर्फाच्या कणासारखा दिसणारा. हा दुसरा आकार "सर्व रूनांची आई" म्हणून विकतात, त्यात सगळे रून सामावलेत असं सांगतात. हे काही प्राचीन ज्ञान नाही. ऑस्ट्रियाच्या गुइडो फॉन लिस्टने १९०८ च्या सुमारास स्वतःची १८ रूनांची पद्धत मांडली, त्यात हागालला असं मोठं स्थान दिलं, ती कल्पना पुढे वंशवादी लोकांच्या हाती गेली, आणि हिटलरच्या एसएस या नाझी संघटनेने आपल्या अधिकाऱ्यांना दिलेल्या कवटीच्या अंगठीवर हा फुलीवाला हागाल कोरलेला होता. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण रून कुणाच्या बापाचे नाहीत, पण झालं ते झालं. तुमचा भाऊ जर्मनीत राहतो, त्याला हा आकार गळ्यात घालायला अजिबात पाठवू नका, तिथे बघणाऱ्याच्या मनात काय येईल सांगता येत नाही. आणि संरक्षणासाठीच हवं असेल तर मुळात हागालाझ कशाला, गारपिटीचं चित्र गळ्यात घालून आडोसा मिळत नाही. त्यासाठी लोक अल्गिझ वापरतात, तो घ्या.

राहिला पुढचा प्रश्न. बेकरीबद्दल परत विचारायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी विचारा आणि प्रश्न बदला. "करू का नको" असं नाही, "कुठल्या बाजूने आडोसा कमी पडतोय" असं विचारा, आणि एकच रून काढा. फेहू किंवा गेबो (भेटीचा, देण्याघेण्याचा रून) आला तर भावाशी पैशाचं बोलणं राहिलंय असं समजा, येरा आला तर सुरू करायचा महिना बदलून बघा, उरुझ आला तर अंगमेहनतीचा विचार करा. हागालाझच परत आला तरी चालेल, यादी परत काढा आणि त्यातली जी ओळ तुम्ही टाळून पुढे गेलात तिथून सुरू करा. पण हे सगळं ॲग्रीमेंटचा कच्चा मसुदा हातात आल्यावर, त्यातला लॉक-इन आणि नोटिशीचा मुद्दा स्वतः वाचून झाल्यावरच, तोपर्यंत पिशवी कपाटात राहू द्या.